औषधांच्या वाटेवरील धूर

१८०२ सालच्या जून महिन्याच्या १४ तारखेस मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानच्या भूमीवर सफल झालेले ते पहिले लसीकरण होय. लस बसऱ्याहून आली होती. त्या मुलीच्या दंडावर जो फोड उठला, त्यातील द्रवाच्या आधारे पुढे पुणे, सुरत, हैदराबाद आणि मद्रास येथील मुलांना देवी काढण्यात आल्या. बर्फ नव्हता, शीतपेटी नव्हती, आगगाडीही नव्हती. लस एका बालकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशा साखळीने मजल दरमजल करीत जाई. साखळीतील एखादा फोड वाया गेला की पुढील सारा मुलूख लसीवाचून राही.

त्यानंतर दोनशे अठरा वर्षांनी, १२ जानेवारी २०२१ रोजी पहाटे, पुण्याजवळील सीरम इन्स्टिट्यूटच्या दारातून कोव्हिडच्या लसीचे ट्रक बाहेर पडले. त्यांत प्रत्येकी ३२ किलो वजनाच्या ४७८ पेट्या होत्या, आणि त्याच दिवशी विमानांनी त्या देशातील तेरा शहरांकडे रवाना झाल्या. चेन्नईच्या वाट्यास साडेपाच लाखांच्या आसपास मात्रा आल्या. सकाळी पुण्यात असलेली लस त्याच दिवशी चेन्नईच्या तेनामपेट भागातील सरकारी शीतकोठारात जाऊन पडली. पहिल्या प्रवासास आठवडे लागले, दुसऱ्यास काही तास पुरले. पहिल्या प्रवासात धूर नव्हता, दुसऱ्यात होता. मात्र एवढ्यावरून पहिला प्रवास चांगला असे कोणी म्हणू लागेल तर त्याला आवरले पाहिजे. त्या काळी लस वाहून नेण्यासाठी गोरगरिबांच्या लेकरांची भांडी करावी लागत. धूर नसणे हीच काही सर्वांत मोठी पुण्याई नव्हे.

तरीही धुराचा हिशेब आज मांडावाच लागतो. २०१९ साली ‘हेल्थ केअर विदाउट हार्म’ या संस्थेने जगातील आरोग्यसेवेपासून होणाऱ्या उत्सर्जनाची मोजणी प्रसिद्ध केली. तीनुसार पृथ्वीचे तापमान वाढविणाऱ्या वायूंपैकी ४.४ टक्के वायू रुग्णालये, दवाखाने आणि त्यांना लागणाऱ्या मालापायी बाहेर पडतात. त्यातही रुग्णालयाच्या स्वतःच्या चुलीचा, बॉयलरचा किंवा विजेच्या दिव्यांचा भाग लहान आहे. एकूण बोज्यापैकी ७१ टक्के बोजा मालाच्या साखळीचा, म्हणजे औषधे, उपकरणे, हातमोजे, नळ्या आणि अन्न तयार करण्याचा, ते वाहून आणण्याचा आणि शेवटी टाकून देण्याचा. या यादीत भारताचा क्रमांक एकूण आकड्याने सातवा, पण दरडोई पाहिले तर मोजलेल्या त्रेचाळीस देशांत सर्वांत खालचा. याचा अर्थ भारत काटकसरी आहे एवढाच नव्हे. पुष्कळांपर्यंत औषध अजून पोचतच नाही, हाही त्याचा अर्थ आहे. म्हणून इकडील प्रश्न युरोप-अमेरिकेहून निराळा आहे. तिकडे आहे ते कमी करावयाचे आहे. इकडे औषध अधिक लोकांना द्यावयाचे आहे आणि धूर मात्र त्या प्रमाणात वाढू द्यावयाचा नाही.

चेन्नईस या प्रश्नाची धग अधिक जाणवते. डिसेंबर २०१५ मध्ये त्या शहरावर जो पाऊस कोसळला त्याने अड्यार नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली, विमानतळ कित्येक दिवस बंद राहिला, रेल्वेमार्ग तुटले आणि अरक्कोणम येथील नौदलाच्या धावपट्टीवरून विमाने सोडावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाने त्याची पुनरावृत्ती घडविली. २०१५ च्या पावसाचा सारा दोष तापमानवाढीवर टाकणे शास्त्रास धरून होणार नाही. परंतु समुद्र तापला की हवेत बाष्प अधिक साठते आणि कोसळणारा पाऊस अधिक जोराचा होतो, यात मतभेद उरलेला नाही. ज्या शहरात देशविदेशांतून रोगी उपचारासाठी येतात, तेथे रस्ते चार दिवस बंद राहिले तर इन्सुलिन कोठून येणार आणि प्राणवायू कोठून येणार? औषधांची गाडी जो धूर सोडते तो तिच्याच वाटेवर पाणी आणून ठेवतो.

आता पुण्याहून निघालेल्या त्या विमानाकडे पुन्हा वळू. चेन्नईच्या वाट्याची लस पेट्यांसकट दीड टनाच्या आतबाहेर भरते. पुणे-चेन्नई हवाई अंतर सुमारे ९०० किलोमीटर. एक टन माल एक किलोमीटर नेण्यास विमान ढोबळमानाने अर्धा ते एक किलो कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सोडते. मोठा, भरलेला ट्रक त्याच कामास शंभर ग्रॅमच्या आसपास सोडतो आणि आगगाडी त्याच्याही चौथ्या-पाचव्या हिश्शात काम भागविते. या दराने त्या दिवशीच्या लसीपायी एक टनाच्या जवळपास कर्बवायू हवेत गेला असावा. एक टन ऐकले की मन दचकते. परंतु साडेपाच लाखांनी भागून पाहावे. दर मात्रेस दोन ग्रॅम पडतात!

दुसरीकडे एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कर्बवायू निघतो. ती दोन ग्रॅमची मात्रा घेण्यासाठी एखादा मनुष्य स्कूटरवरून पाच किलोमीटर गेला आणि पाच किलोमीटर परतला, तर अर्ध्या किलोची भर पडते. विमानाने आणलेल्या मात्रेच्या अडीचशे पट! एरवी ज्या विमानाकडे बोट दाखविले जाते ते येथे जवळजवळ निर्दोष ठरते आणि घरासमोर उभी असलेली स्कूटर दोषी ठरते. लहान, हलकी आणि मौल्यवान वस्तू दुरून येते तेव्हा तिचा लांबचा प्रवास स्वस्त पडतो. महाग पडतो तो शेवटचा कोस, कारण त्या कोसात एकेका मात्रेसाठी एकेक वाहन धावते.

तमिळनाडूत या शेवटच्या कोसावर एक प्रयोग चालू आहे. तो कर्बवायूसाठी सुरू झालेला नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. ५ ऑगस्ट २०२१ रोजी कृष्णगिरी जिल्ह्यातील सामनपल्ली या खेड्यात मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांच्या हस्ते ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम्’ या योजनेचा आरंभ झाला. नावाचा अर्थ ‘लोकांच्या शोधात निघालेले वैद्यक’. रक्तदाब आणि मधुमेह या दोन विकारांच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात, त्या आयुष्यभर चालतात आणि त्यांच्यासाठी दर खेपेस तोच मनुष्य त्याच रांगेत उभा राहतो. मजुराचा एक दिवस बुडतो, म्हणून तो गोळ्या सोडून देतो, आणि पुढे अर्धांगवायू झाला की रुग्णवाहिकेतून येतो. या योजनेत बचत गटांतील स्त्रिया स्वयंसेविका म्हणून आपल्याच वस्तीत घरोघर जातात, रक्तदाब पाहतात आणि गोळ्या हाती देतात. २०२४ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या एका पुरस्काराने या कामाचा गौरव झाला.

वस्तीतली बाई वस्तीतच चालते, तेव्हा वीस घरच्या वीस फेऱ्या एकीच्या पायांवर निभावतात. अर्थात त्या वीस रोग्यांपैकी बरेच जण बसने किंवा पायीच दवाखान्यात जात असतील, तर वाचलेल्या धुराचा आकडा खाली येईल. उगाच फुगवून सांगण्यात अर्थ नाही. टळलेला अर्धांगवायू मात्र दोन्ही हिशेबांत मोठा ठरतो. अतिदक्षता विभागातील एका दिवसास जेवढा माल लागतो, तेवढ्यात गोळ्यांची कित्येक वर्षे निघतील.

याच योजनेत मूत्रपिंड निकामी झालेल्या काही रोग्यांना घरी पोटातून रक्तशुद्धी करण्यासाठी द्रवाच्या पिशव्या पोचविल्या जातात. येथे पायांचा उपयोग संपतो. दोन लिटरची एक पिशवी, दिवसाला तीन पिशव्या धरल्या तरी महिन्याला एका रोग्याचे वजन पावणेदोनशे किलोंच्या वर जाते. ते वाहनानेच न्यावे लागते. उलट बाजूस, तो रोगी आठवड्यातून दोन-तीनदा रुग्णालयाच्या यंत्राकडे जाण्यातून सुटतो. कोणती बाजू जड, हे त्याचे घर रुग्णालयापासून किती दूर आहे आणि पिशव्यांची गाडी एकाच घरासाठी येते की वाटेतल्या दहा घरांसाठी, यावर ठरते.

गाडी किती घरांसाठी येते या प्रश्नाचे उत्तर चेन्नईत एका कार्यालयाने तीस वर्षांपूर्वी निराळ्याच कारणाने शोधले होते. १९९४ साली तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झाले आणि १९९५ च्या जानेवारीपासून त्याने औषधवाटप हाती घेतले. त्यापूर्वीची स्थिती महाराष्ट्रातील जुन्या कंपाउंडरांनाही अनोळखी वाटणार नाही. कपाटात नको ती औषधे मुदत संपेपर्यंत पडून राहावयाची आणि हवे ते नेमके संपलेले असावयाचे. मग एका पेटीसाठी चालकाला जीप घेऊन तालुक्याच्या गावी पिटाळावयाचे. महामंडळाने आवश्यक औषधांची मर्यादित यादी केली, खरेदी एकवट केली, आणि कारखानदारांनी माल थेट जिल्ह्याजिल्ह्यांच्या कोठारांत आणून द्यावा असे ठरविले. प्रत्येक रुग्णालयास बँकेसारखे एक पासबुक मिळाले. त्यात वर्षाची रक्कम नोंदलेली असे. रुग्णालयाने कोठारात यावे, यादीतील लागतील ती औषधे न्यावीत आणि किंमत पासबुकात वजा करावी. कोठारातील शिल्लक संगणकावरून चेन्नईच्या मुख्य कचेरीस दिसे. एका जिल्ह्यात साठा तुंबला आणि दुसऱ्यात आटला, तर तो वेळीच हलविता येई. पुढे केरळ आणि राजस्थान या राज्यांनी याच धर्तीवर आपापली महामंडळे उभारली.

औषध वेळेवर मिळावे आणि पैसा वाया जाऊ नये, एवढाच त्या कर्त्यांचा हेतू होता. पण अचानक धावणाऱ्या जीपा थांबल्या की डिझेल वाचते, आणि मुदत संपून फेकले जाणारे औषध वाचले की ते तयार करण्यात व वाहून आणण्यात गेलेला सारा धूर वाचतो. फुकट गेलेली पेटी ही मालवाहतुकीतील सर्वांत काळी पेटी होय.

पासबुकाच्या या पद्धतीतही एक उणीव राहिली. रुग्णालयाची गाडी कोठाराकडे रिकामी जाते आणि भरून येते. एकाच रस्त्यावर चार आरोग्यकेंद्रे असली तर चार गाड्या चार दिवशी त्याच रस्त्याने जातात. कोल्हापूर-सांगलीकडे दुधाची गाडी कशी फिरते ते पाहावे. ती एका गावचे दूध घेऊन डेअरीकडे धावत नाही. ठरल्या वेळी ठरल्या फाट्यावर थांबत, पंचवीस गावांचे कॅन उचलीत एकच फेरा पुरा करते, आणि रिकामे कॅनही त्याच फेऱ्यात परत टाकते. औषधांची गाडी अशी फिरू लागली, वार ठरला, आणि परतताना मुदतीजवळ आलेला जादा साठा उचलू लागली, तर नवे इंजिन न घेताही धूर निम्म्यावर येण्यासारखा आहे. विजेवर चालणारी तीनचाकी घेणे त्यानंतरचे काम. देशातील एक युनिट वीज अजून सुमारे ०.७ किलो कर्बवायू सोडून तयार होते, त्यामुळे विजेची गाडी म्हणजे धुरावाचूनची गाडी असे नाही. तो धूर एन्नोरच्या धुराड्यातून निघतो, एवढाच काय तो फरक. तरी हिशेबात ती डिझेलपेक्षा सरस ठरते. रुग्णालयाच्या दारात उभी राहून ती रोग्याच्या नाकात धूर सोडीत नाही, हा लाभ तर रोख आहे.

गोळ्या हलक्या असतात, लस हलकी असते. रुग्णालयाच्या मालात जड काय असते, हे पाहू लागले की एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. जड असते ते पाणी आणि जड असते ती हवा.

सलाइनची बाटली म्हणजे शुद्ध केलेले पाणी आणि चिमूटभर मीठ. अशा बाटल्यांचे ट्रक शेकडो किलोमीटर धावतात, आणि त्यांच्या भाराचा बहुतेक भाग पाणी असतो. शिरेतून द्यावयाचे पाणी हवे तेथे ते तसे आणावेच लागेल. पण ते हवेच का, हा प्रश्न १९७१ साली बोनगावच्या निर्वासित छावणीत एका डॉक्टरला परिस्थितीनेच विचारला. दिलीप महालनबीस हे त्यांचे नाव. बांगलादेशातून लोंढे येत होते, पटकीची साथ होती आणि सलाइनचा साठा संपला होता. त्यांनी मीठ, साखर आणि सोडा यांच्या पुड्या कलकत्त्याहून आणविल्या, त्या पाण्यात कालवून पिंपे भरली आणि नातलगांच्या हातून रोग्यांना ते पाणी पाजविले. मृत्यूचे प्रमाण शंभरी तिसावरून चारच्याही खाली आले. आजच्या सूत्राप्रमाणे एक लिटर जलसंजीवनीची पुडी २०.५ ग्रॅम भरते. एक लिटर सलाइन किलोभराहून अधिक. पाणी गावातलेच वापरले की वाहून न्यावयाचा भार पन्नासाव्या हिश्शाहूनही कमी होतो. त्या छावणीत कर्बवायूचा विचार कोणाच्या मनात असणे शक्य नव्हते. तरी औषधाची वाहतूक हलकी करण्याचा याहून चोख नमुना सापडणे कठीण.

हवेची कथा अधिक जवळची आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रातील रुग्णालयांना प्राणवायू अपुरा पडू लागला, आणि तो तयार होत होता दूर पूर्व किनाऱ्यावरील पोलाद कारखान्यांत. १९ एप्रिल रोजी पनवेलजवळच्या कळंबोलीहून सात रिकामे टँकर आगगाडीच्या सपाट वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमकडे पाठविण्यात आले. सांगावयास हे एक वाक्य, पण वरची विजेची तार, बोगदे, पूल आणि फलाटांच्या कडा यांतून टँकर निघाला पाहिजे. शेवटी ३ मीटर ३२ सेंटीमीटर उंचीचा टँकर वाघिणीवर बसतो असे ठरले. तरीही घाटाच्या मार्गाने तो नेणे शक्य नव्हते, म्हणून गाडी वसईकडून लांबच्या वाटेने काढली गेली. १८५० किलोमीटरचे अंतर तिने सुमारे ५० तासांत कापले. दहा तासांत शंभर टनांहून अधिक द्रवरूप प्राणवायू भरला गेला, परतीस नागपूरपर्यंत २१ तास लागले. तीन टँकर तेथे उतरले आणि उरलेले चार २४ एप्रिलला सकाळी नाशिकला पोचले. पुढे १४ मे रोजी दुर्गापूरहून सुमारे ८० टन प्राणवायू घेऊन तमिळनाडूची पहिली गाडी चेन्नईच्या तोंडियारपेट मालधक्क्यावर येऊन थांबली.

त्या आठवड्यांत हिशेब होता तो तासांचा. ट्रकने तीन दिवस, गाडीने दोन. एरवी असे समजले जाते की धूर कमी करावयाचा तर सावकाश जावे लागते आणि वेगाने जावयाचे तर धूर सोसावा लागतो. जड मालाच्या लांब पल्ल्यास हे खरे नाही, हे त्या गाड्यांनी दाखवून दिले. साथ ओसरल्यावर मात्र त्या अनुभवाचा उपयोग फारसा झालेला दिसत नाही. चेन्नईचे मोठे सरकारी रुग्णालय, ज्याचे मूळ १६६४ सालापर्यंत जाते, ते सेंट्रल स्थानकाच्या अगदी समोर उभे आहे. असे भाग्य देशातील फार थोड्या रुग्णालयांस लाभले असेल!

प्राणवायू आणण्याऐवजी रुग्णालयाच्या आवारातच हवेतून वेगळा काढण्याची यंत्रे त्या साथीनंतर देशभर बसविली गेली. वाहतूकच नको, ही युक्ती ऐकावयास उत्तम. परंतु ती यंत्रे वीज खातात, त्यांना निगा लागते, आणि बंद पडली तर पुन्हा टँकरच बोलवावा लागतो. लहान, आडवळणाच्या रुग्णालयास यंत्र बरे, तर मोठ्या, स्थानकाजवळच्या रुग्णालयास टाकी बरी. एकच नियम सर्वत्र लावण्याचा मोह टाळावा.

पाणी आणि हवा झाली. उरली ती थंडी. लसीस दोन ते आठ अंशांची थंडी लागते आणि चेन्नईचा मे महिना चाळीस अंशांवर जातो. ती थंडी वाहून नेण्यातही इंधन जाते, हे सहसा मनात येत नाही. मद्रासच्या समुद्रकाठी १८४२ च्या सुमारास बांधलेले ‘आइस हाउस’ अजून उभे आहे. विवेकानंदांचे १८९७ साली तेथे वास्तव्य झाल्यामुळे आज ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. फ्रेडरिक ट्यूडर नावाचा बॉस्टनचा व्यापारी तिकडच्या तळ्यांतील गोठलेले पाणी कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, शिडाच्या जहाजांनी मद्रासला धाडीत असे. थंडी वाऱ्यावर बसून अर्धी पृथ्वी ओलांडून येत होती! पुढे यंत्राने बर्फ होऊ लागला आणि तो व्यापार बसला.

मद्रासजवळच्या गिंडी येथे १८९९ साली किंग इन्स्टिट्यूट निघाली. वासरांच्या अंगावर देवीची लस वाढवून ती सगळ्या इलाख्याला पुरविणे हे तिचे मुख्य काम. ओली लस उन्हाळ्यात मरे, आणि गावोगावच्या देवी डॉक्टरांना टोचूनही फोड न उठल्याचा अनुभव येई. हा तिढा बर्फ वाढवून सुटला नाही. तो सुटला लस बदलल्याने. निर्वात जागी गोठवून वाळविलेली लस ३७ अंशांच्या उष्म्यातही महिनाभर टिकते. गिंडी, बेळगाव, हैदराबाद आणि पटवाडांगर या चार ठिकाणी अशी लस तयार होऊ लागली. बेळगावची लस कर्मचाऱ्यांच्या साध्या झोळीतून उन्हातान्हात गेली. १९७५ च्या मे महिन्यानंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही.

तोच मार्ग पुण्यात पुन्हा चोखाळला गेला. आफ्रिकेतील मेंदूज्वरासाठी सीरम इन्स्टिट्यूटने केलेली ‘मेनआफ्रिव्हॅक’ ही लस चाळीस अंशांपर्यंतच्या हवेत चार दिवस बर्फावाचून ठेवण्यास २०१२ साली मान्यता मिळाली. अशी मान्यता मिळालेली ती पहिली लस. चार दिवस थोडे वाटतात, पण शेवटच्या आरोग्यकेंद्रापासून पाड्यापर्यंतचा प्रवास चार दिवसांत होतोच. तेवढ्या वाटेवरचा बर्फ, तो गोठविणारे यंत्र आणि त्यास वीज देणारे डिझेलचे जनित्र ही सारी गळून पडतात. त्याच्या जोडीला कुपीवरचा उष्म्याने रंग बदलणारा ठिपका आहे, जो १९९६ पासून प्रथम पोलिओच्या लसीवर आला. लस खराब झाली की नाही हे तो सांगतो, म्हणून शंकेने फेकून देणे थांबते. वातानुकूलित गाड्यांच्या नव्या ताफ्यावर जेवढा खर्च होतो त्याचा दशांश जरी लसी कणखर करण्याच्या संशोधनास मिळाला, तरी तो अधिक सत्कारणी लागेल.

माल कमी लागणे, हा वाहतूक घटविण्याचा आणखी एक मार्ग मदुरैच्या अरविंद नेत्ररुग्णालयाने दाखविला आहे. त्याची एक शाखा २०१७ पासून चेन्नईतही आहे. पाँडिचेरीच्या शाखेत मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास झाला आणि तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. एका शस्त्रक्रियेमागे तेथे सुमारे ६ किलो कर्बवायू आणि पाव किलो कचरा निघतो. ब्रिटनमधील त्याच शस्त्रक्रियेच्या तुलनेत हा बोजा अवघा पाच टक्के, आणि गुण मात्र तोडीचा. उपकरणे निर्जंतुक करून पुन्हा वापरली जातात. डोळ्यात बसवावयाचे भिंग १९९२ पासून मदुरैच्याच ‘ऑरोलॅब’ कारखान्यात तयार होते, परदेशाहून येत नाही. जी वस्तू एकदा आणून शंभरदा वापरली, तिच्या नव्याण्णव खेपा आपोआप रद्द होतात.

या साऱ्यात घाईचे काय, असा प्रश्न उरतो, आणि तो रास्त आहे. १६ जून २०१४ रोजी चेन्नईच्या सरकारी रुग्णालयातून एक हृदय अड्यारच्या एका रुग्णालयात न्यावयाचे होते. पोलिसांनी सर्व चौक मोकळे केले आणि बारा किलोमीटरची वाट चौदा मिनिटांच्या आत पार झाली. त्या गाडीने किती डिझेल जाळले हे विचारणे असभ्यपणाचे होईल. परंतु रक्तदाबाची गोळी हृदयासारखी घाईची नसते. ती उद्या संपणार हे महिन्यापूर्वीच ठाऊक असते. अलीकडे मोठ्या शहरांतून दहा मिनिटांत औषध घरपोच देण्याची जाहिरात होते. एका पाकिटासाठी एक मोटारसायकल, अशा त्या फेऱ्या दिवसभर चालतात. खोकल्याच्या बाटलीस हृदयाचा मान द्यावा, असे कोणत्या वैद्यकशास्त्रात लिहिले आहे, ते कळत नाही.

आणि जेथे घाईही खरी आणि रस्ताही बिकट, तेथे नवी साधने उपयोगी पडतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये मणिपूरच्या लोकटाक सरोवरातील करंग बेटावर ड्रोनने लस पोचविली गेली. त्याच वर्षी डिसेंबरात पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या खेड्यात तीनशे मात्रा अशाच गेल्या. डोंगरातून वळसे घेत जाणाऱ्या रस्त्याने गाडीस सुमारे चाळीस मिनिटे लागतात. ड्रोनला नऊ मिनिटांच्या थोडा वर वेळ लागला, इंधन म्हणून त्याला बॅटरी पुरली, आणि झापच्या आरोग्यकेंद्रात त्या मात्रा ठरल्या दिवशी टोचल्या गेल्या.